उघड्यावर, भर पावसात राहणारा साधा लाकडी बाक: लाकूड, मापं, बोल्ट (चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

बकुळीखाली

माहीमला सोसायटीच्या आवारात बकुळीखाली एक बाक करायचा आहे. पाठ नको, हात नकोत. लांबी ४ फूट, तीन माणसं बसली तरी हलू नये. वर छप्पर नाही, म्हणजे जून ते सप्टेंबर सगळा पाऊस अंगावर. समुद्र सरळ रेषेत अर्धा किलोमीटरही नाही. खाली अर्धी माती, अर्धे पेव्हर ब्लॉक.

आधीचा बाक पाइनचा होता, वरून चकचकीत वॉर्निश. दोन पावसाळ्यांत पाय तळाकडून भुसभुशीत झाले आणि स्क्रूंची डोकी गंजून उडाली. या वेळी सागाचा विचार आहे, पण भाव ऐकून मरीन प्लायकडेही मन वळतंय.

विचारायचं ते असं: लाकूड कुठलं आणि किती घ्यायचं? सांधे कुसू-खाचेचेच (एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या चौकोनी भोकात) करायला हवेत की नुसते बोल्ट चालतील? वरून काय लावायचं? घरी करवत, ड्रिल, दोन पटाश्या, गुण्या (काटकोन बघायचं हत्यार) आणि चार क्लॅम्प आहेत. रंधा वखारीतच मारून घेईन.

गुण्या

लाकूड नंतर. आधी बाक कुठे कुजतो ते बघा, कारण मापं त्यावरून ठरतात. पट्टीच्या पाठीवरचं पाणी वाहून जातं, उघडीप मिळाली की ती सुकतेही. दोन लाकडं सपाट टेकली आहेत त्या फटीतलं, स्क्रूच्या डोक्याभोवतीच्या खळग्यातलं आणि पायाच्या तळातून वर ओढलं गेलेलं पाणी मात्र चार महिने जागचं हलत नाही. लाकूड आपल्या तंतूंच्या रेषेच्या दिशेने पाणी पितं. पायाचा कापलेला तळ म्हणजे बारीक नळ्यांची उघडी तोंडंच. तुमचे पाइनचे पाय तळाकडून गेले ते म्हणून. वॉर्निश किती जाड होतं याने फरक पडला नसता.

तयार मापं देतो, म्हणजे रंधा मारल्यानंतरची, इंचात:

पाय: ४ नग, १६¼ × ३ × २¼
लांब फळ्या: २ नग, ३९ × ३½ × १
वरचे आडवे: २ नग, १४¾ × २¾ × १¼
मधला आडवा: १ नग, १२¼ × २¾ × १¼
खालचे आडवे: २ नग, १२¼ × २ × १¼
बसायच्या पट्ट्या: ५ नग, ४८ × २¾ × १
ठोकळे: २ नग, २½ × १¼ × १¼ (तोडीतून निघतात)

जोडणी अशी. दोन पायांची एक चौकट, बाहेरून बाहेर सव्वाबारा इंच. पायाची ३ इंची बाजू बाकाच्या लांबीच्या दिशेने ठेवायची. चौकटीच्या बाहेरच्या तोंडावर, म्हणजे बाकाच्या टोकाकडच्या, प्रत्येक पायाच्या डोक्याशी, अडीच इंच उंच आणि अर्धा इंच खोल खाच घ्या. वरचा आडवा त्या खाचेत बसतो. आडवा पावणेतीन इंची, खाच अडीच इंची, त्यामुळे तो पायाच्या डोक्यापेक्षा दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) वर राहतो. ही चूक नाही, मुद्दाम ठेवलेलं आहे: पट्ट्या फक्त आडव्यांवर टेकतात, पायाच्या डोक्यावर नाही. पायाचं डोकं हेही कापलेलं तोंड, त्यावर पट्टी घट्ट बसली तर तिथेच पहिली बुरशी धरते. दोन सुतांची फट ठेवली की वारा खेळतो.

खालचा आडवा जमिनीपासून ४ इंचांवर, त्याच बाहेरच्या तोंडावर, अर्धा इंच खोल खाचेत, प्रत्येक टोकाला अडीच इंची दोन स्क्रू.

दोन चौकटी समोरासमोर उभ्या करायच्या, पायांच्या बाहेरच्या कडा ४० इंचांवर. लांब फळ्या पायांच्या पुढच्या आणि मागच्या तोंडावर बाहेरून लागतात, वरची कड पायाच्या डोक्याशी समतल. फळी ३९ इंचांची का? दोन्ही बाजूंच्या खाचा अर्धा-अर्धा इंच आत आल्या, म्हणून फळीची टोकं बरोबर वरच्या आडव्याच्या आतल्या तोंडाला भिडतात. बाक लांबीच्या दिशेने डुलतो तेव्हा ही फळीच तो अडवते, म्हणून ती साडेतीन इंची. तिथे अडीच इंची पट्टी लावून वाचवायला जाऊ नका.

आता ज्यात हमखास घोळ होतो ते. प्रत्येक पायात दोन दिशांनी बोल्ट येतात, लांब फळीचे पुढून मागे आणि आडव्याचा बाकाच्या लांबीतून. एकाच उंचीवर भोकं पाडलीत तर दुसरा बोल्ट पायाच्या पोटात पहिल्याला आदळतो. पायाच्या डोक्यापासून मोजून फळीचे दोन बोल्ट पाऊण आणि पावणेतीन इंचांवर, आडव्याचा एकच बोल्ट पावणेदोन इंचांवर. मध्ये एक-एक इंच अंतर राहतं. फळीच्या टोकापासून भोक सव्वा इंच आत. त्याहून जवळ गेलात तर फळी टोकाला चिरते.

आडव्याला एकच बोल्ट पुरतो, कारण त्याला फिरू न देण्याचं काम खाच करते. म्हणून खाच सैल होता कामा नये. करवतीने दोन काप, मध्ये आणखी तीन-चार काप, मग पटाशीने दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत. एकाच बाजूने आरपार पटाशी मारली तर पलीकडची कड फुटते. कुसू-खाचेचा सांधा उत्तमच, पण घरच्या पटाशीने सव्वादोन इंची पायात चौकोनी भोक पाडताना ते हमखास सैल होतं, आणि सैल कुसू म्हणजे पाण्याची वाटी. इथे बोल्टच बरा.

मधला आडवा दोन लांब फळ्यांच्या मध्ये, बरोबर मध्यावर. फळीतून थेट त्याच्या टोकात स्क्रू मारू नका, कापलेल्या तोंडात स्क्रू धरत नाही. कोपऱ्यात ठोकळा ठेवा, दोन स्क्रू फळीत, दोन आडव्यात. हा मधला नसेल तर १ इंची पट्टी ३ फुटांच्या गाळ्यात झोका खेळते. असला की गाळा जेमतेम २० इंचांचा.

वखारवाला

गुण्यांनी दिलेली मापं रंध्यानंतरची आहेत, वखारीत मागताना कच्ची मापं सांगा: १ इंची तयार हवी तर सव्वा इंची, सव्वा हवी तर दीड, रुंदीत पाव इंच जास्त, लांबीत इंच-दोन इंच. हिशेब: लांबी फुटांत × रुंदी इंचांत × जाडी इंचांत ÷ १४४ = घनफूट. या बाकाचं सगळं मिळून सव्वा घनफूट भरतं. तोड, गाठी, चिरा धरून दीड घ्या. तयार बाकाचं वजन १७ किलोच्या आसपास.

भाव घनफुटावर सांगतात, पण माल कुठला ते तोंडाला बघा, म्हणजे फळीच्या कापलेल्या टोकाला. सागाचा गाभा सोनेरी-तपकिरी, हाताला किंचित तेलकट, ताज्या कापाला चामड्यासारखा वास. कडेचा फिका पिवळट-पांढरा पट्टा हा कच्चा भाग. साग टिकतो म्हणतात ते गाभ्याबद्दल. हा पांढरा भाग बुरशीला आणि वाळवीला कुठल्याही साध्या लाकडाइतकाच गोड लागतो. लागवडीच्या कोवळ्या सागात पांढरं बरंच असतं. पायांसाठी एकही पांढरी कड नको. पट्टीत अगदीच आली तर खालच्या बाजूला जाऊ द्या.

‘आफ्रिकन साग’, ‘घाना साग’ असं म्हणून मिळतं त्यातला काही माल लागवडीचा साग असतो, काही निराळीच लाकडं. नावावर जाऊ नका, टोक बघा.

तुमच्या कामाला सगळ्यात परवडेल तो जुना साग. जुन्या चाळी आणि इमारती पाडल्या की तुळया, वासे, चौकटी बाजारात येतात. रे रोड-दारूखान्याकडच्या वखारींत विचारा, जोगेश्वरी-ओशिवऱ्याला जुन्या फर्निचरचा बाजार आहे तिथेही तुकडे मिळतात. जुनं लाकूड पूर्ण वाळलेलं असतं, पीळ पडायचा तो आधीच पडून गेलेला असतो. पण त्यात खिळे असतात, डोकी तुटून आत राहिलेले. रंध्याच्या यंत्रात एक खिळा गेला की पातं गेलं, आणि पात्याचे पैसे तुमच्याकडून घेतील. चुंबक दोरीला बांधून चारही तोंडांवरून फिरवा. जिथे ओढ लागेल तिथे खडूने खूण. लाकडावर निळसर काळा डाग दिसला तर त्याच्या मध्यात खिळा असतोच, लोखंड आणि लाकडातला टॅनिन यांचा तो डाग.

साल स्वस्त, मजबूत, सागापेक्षा बराच जड. उघड्यावर टिकतो, पण उन्हात पीळ घेतो आणि लांब चिरा पडतात. पायांना साल, पट्ट्यांना साग अशी जोडी चालते. फणसाचा गाभाही वाईट नाही. आंबा नको. पाइनचं पॅकिंगचं लाकूड घेणारे त्यावरचा ‘एचटी’ शिक्का बघून खूश होतात. त्याचा अर्थ लाकूड ५६ अंशांवर अर्धा तास तापवलंय एवढाच. आतले किडे मेले. पुढच्या बुरशीला किंवा वाळवीला तो शिक्का काही करत नाही.

मरीन प्लायबद्दल (आयएस ७१० या भारतीय मानकाचा): त्यातला गोंद उकळत्या पाण्यात सुटत नाही, हे खरं. पण वरचा पापुद्रा शेवटी पातळ लाकूडच. सपाट अखंड फळी म्हणून पाणी वर साचतं, ऊन-पावसाने पापुद्रा चिरतो, कडेतून पाणी आत शिरतं. पट्ट्यांच्या फटीतून पाणी खाली जातं, प्लायमधून कुठे जाणार?

लाकूड ओलं घेऊ नका. ओलावा मोजायचं छोटं यंत्र बऱ्याच वखारींत असतं, १५ टक्क्यांच्या आसपास आकडा हवा. पाऊस पडायला लागल्यावर उघड्या वखारीतून लाकूड उचलणं म्हणजे पाण्याला सागाचा भाव देणं. एप्रिल-मे गाठा. घरी आणलं की फळ्यांमध्ये एकसारख्या जाडीच्या काड्या घालून, सावलीत, तीन आठवडे रचून ठेवा. भिंतीला टेकवून ठेवलं तर वाकतं.

सव्वासूत

लोखंडाचं मी सांगतो. माहीमची हवा खारी, तिथे पिवळा मुलामा दिलेले स्क्रू एक पावसाळा काढतात. काळे जिप्सम बोर्डाचे स्क्रू तर मुळीच नकोत, ते कडक पण ठिसूळ असतात, लाकूड फुगलं की डोकं टणकन उडतं. सगळं स्टेनलेस घ्या.

स्टेनलेसमध्येही बघून. बोल्टच्या डोक्यावर ए२ किंवा ए४ कोरलेलं असतं. ए२ म्हणजे ३०४ जातीचं, ए४ म्हणजे ३१६. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या हवेला तेच तोंड देतं. ३०४ वर समुद्राजवळ चहासारखे तपकिरी डाग येतात, पण बोल्ट खचत नाही. तुम्ही बोल्ट ३०४ चे घेतलेत तरी चालेल, पट्ट्यांचे स्क्रू ३१६ चे मिळाले तर घ्या. नागदेवी स्ट्रीटला सुटे, नगावर मिळतात. दुकानदार चुंबक लावून ‘बघा, चिकटत नाही’ म्हणेल. त्यावर जाऊ नका: २०२ जातीचं स्टीलही चुंबकाला चिकटत नाही, आणि गंजतं ३०४ पेक्षा लवकर. कोरलेलं बघा.

बोल्ट कॅरेज बोल्ट, ८ मिमी. म्हणजे गोल डोकं आणि खाली चौकोनी मान. लांब फळीला १०० मिमीचे ८, आडव्याला ११० मिमीचे ४. सागासारख्या लाकडात चौकोनी मान नुसती ठोकली तर फळी चिरू शकते. पटाशीच्या टोकाने भोकाचं तोंड आधी जरा चौकोनी करा, मग लाकडी ठोकळा मध्ये ठेवून हातोडी. नट नायलॉक, म्हणजे सुटत नाही. एक सावधगिरी: स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर कोरडा, जोरात फिरवला तर आटे एकमेकांत रुततात आणि तिथेच कायमचा बसतो, मग करवतच. आट्यांना थोडं ग्रीस, आणि पाना हळू.

स्क्रू ८ नंबरचे, २ इंची. पट्टीत साडेचार मिमी भोक, ती ज्या आडव्यावर टेकते त्यात ३ मिमी. स्टेनलेस मऊ असतं, सागात भोकाशिवाय घातला तर अर्ध्यात तुटतो आणि तुटका बाहेर निघत नाही. त्याच मापाचा एक लोखंडी स्क्रू आधी प्रत्येक भोकात फिरवून काढा, मग मेण किंवा साबण लावून स्टेनलेसचा. पट्टीच्या प्रत्येक टेकूला दोन स्क्रू, कडेपासून पाऊण इंच आत. पण सगळे एका रेषेत नकोत, आळीपाळीने एक सूत इकडे, एक सूत तिकडे. आडवा सव्वा इंचाच्या जाडीचा आहे, एकाच रेषेत दहा स्क्रू मारलेत तर तो त्या रेषेतच उकलेल.

मधल्या आडव्यावर बाहेरच्या दोन पट्ट्यांना मात्र एकेकच स्क्रू, आतल्या बाजूचा. बाहेरच्या कडेखाली लांब फळी आहे, आणि ती दोन सूत खाली आहे. तिथे स्क्रू आवळला तर तो पट्टीला खाली ओढतो, पट्टी तिरपी होते. एकूण २८ स्क्रू पट्ट्यांना, ८ ठोकळ्यांना.

आता वरून काय लावायचं. इथे माझं मत बहुतेकांना पटत नाही: सागाचा गाभा असेल तर काहीही लावू नका. वर्षभरात राखाडी होईल, एवढंच. तो बदल वरच्या वरचा, ताकद तशीच राहते. चकचकीत वॉर्निश किंवा घरातल्या फर्निचरचं मेलामाइन पॉलिश उघड्यावर चुकीचं, कारण तो ताठ पापुद्रा आहे. लाकूड फुगतं-आकसतं तसा सांध्याशी आणि कडेला तडकतो, तडीतून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट नसते. उन्हानेही पापुद्र्याखालचं लाकूड सुटतं. मग काळे चट्टे, आणि पुढच्या वर्षी अख्खं खरवडणं.

गुण्या

पापुद्र्याबद्दल सव्वासूतांशी सहमत, ‘काहीच नको’शी नाही. बकुळीखाली फुलं, पानं, कावळ्यांची विष्ठा, आणि सावलीमुळे हिरवं शेवाळ. कोरं लाकूड पुसायला अवघड जातं आणि वर पांढरे कपडे घालून बसणारेही असतात. तेल लावा: पातळ, दोन हात, मेमध्ये, पहिला हात अर्ध्या तासाने फडक्याने पुसून काढायचा, दुसरा दुसऱ्या दिवशी. पुसलं नाही तर चिकट राहतं आणि त्यावर धूळ बसते. कच्चं अळशीचं तेल नको, इथल्या दमटपणात त्यावर काळी बुरशी येते. बाहेरच्या लाकडासाठीचं, बुरशीरोधक घातलेलं तेल घ्या. ‘टीक ऑइल’ नावाचं जे मिळतं ते सागापासून काढलेलं नसतं, तेल आणि वॉर्निशचं मिश्रण असतं. डब्यावर ‘बाहेरच्या वापरासाठी’ लिहिलंय का ते बघा.

तेलाची फडकी गोळा करून डब्यात टाकू नका. वाळताना अळशीच्या जातीचं तेल गरम होतं, चुरगळलेलं फडकं आपोआप पेट घेतं. दोरीवर एकेरी वाळत घाला किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा.

बकुळीखाली

सगळ्यांचे आभार, प्लायचा विषय संपला. आणखी तीन शंका. स्क्रूची डोकी दिसू नयेत म्हणून वर लाकडी डट्टे ठोकले तर? पायांना रबरी बूट घालावेत का? आणि पट्टीची कुठली बाजू वर, यावर दोन सुतारांनी दोन उत्तरं दिली.

गुण्या

डट्टे नकोत. डट्ट्याच्या मागे पाणी शिरतं, डट्टा फुगतो, निघतो, आणि खाली तयार वाटी. डोकं पट्टीशी समतल, फार तर अर्धा सूत आत. खोल खळगा करून डोकं बुडवलं तर तीच वाटी डट्ट्याविना.

रबरी बूटही तसाच, पायाला पाण्याच्या कपात उभं करणं. मातीवर थेट पाय ठेवला तर वाळवी येते, म्हणून प्रत्येक पायाखाली ५ × ५ इंचांचा कडप्प्याचा तुकडा, मातीपेक्षा अर्धा इंच वर. पायाच्या तळाच्या कडा एक सूत घासून मोडा, नाहीतर बाक ओढताना कड उकलते. तळाला दोन भागांचं एपॉक्सी पातळ करून, दोन हात. पहिला हात लाकूड पिऊन टाकतं, तो सुकला की दुसरा.

पट्टीच्या बाजूचं: कापलेल्या टोकाला वर्तुळं बघा. झाडाच्या मध्याकडची बाजू वर ठेवली तर पट्टी सुकताना वरून किंचित फुगीर होते, पाणी उतरतं. ती मी वर ठेवतो.

वखारवाला

पुस्तकात बरोबर. पण पावणेतीन इंची पट्टीत तो फुगीरपणा डोळ्याला दिसणारही नाही. पावसाळ्यात सागाची एवढी पट्टी रुंदीत मिलिमीटरभरही फुगत नाही, म्हणून दोन पट्ट्यांमधली दोन सुतांची फट बंद होणार नाही. फट पाण्यासाठी आणि बकुळीची फुलं खाली पडण्यासाठी आहे. माझ्या मते बाजू निवडायची ती गाठ आणि पांढरी कड बघून: चांगली बाजू वर, बस. त्यापेक्षा पट्टीच्या वरच्या दोन्ही कडा रंध्याने एक सूत तिरक्या मारा, कडेवर थेंब लोंबत नाही आणि मांडीला कड रुतत नाही.

गुण्या

मान्य, पावणेतीन इंचांत भांडण्यासारखं काही नाही.

कामाचा क्रम सांगतो, कारण तो उलटला की त्रास. सगळे पाय एकत्र क्लॅम्प करून खाचांच्या खुणा एकदमच मारा. वेगवेगळं मोजलं की सूतभर फरक येतोच. मग दोन चौकटी कोरड्या जोडा आणि दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे तर चौकट गुण्यात. फरक असेल तर लांब कर्णावर क्लॅम्प लावून ओढा आणि मगच भोक पाडा. लांब फळ्या लावतानाही असंच. बोल्ट अर्धवट आवळून ठेवा, सगळा सांगाडा उभा राहिला की पूर्ण आवळा.

पट्ट्या लावताना पहिल्यांदा दोन बाहेरच्या, मग मधली, मग उरलेल्या दोन. मधल्या फटींसाठी दोन सुती जाडीचे चार तुकडे कापून घ्या, टेप घेऊन बसू नका. शेवटची पट्टी पहिल्यापासून मोजत आलात तर साचलेली चूक सगळी तिच्याच वाट्याला येते.

बाक डुलला तर उपाय पाय कापणं, पण अंदाजाने नाही. अगदी सपाट फरशीवर ठेवा, आखूड पायाखाली पत्त्यांच्या कॅटमधली पानं सरकवा, बाक स्थिर होईपर्यंत. मग एका ठोकळ्यावर पेन्सिल आडवी ठेवून, ठोकळा फरशीवरूनच सरकवत, चारही पायांभोवती रेघ ओढा. रेघेवर कापा. पेन्सिलची उंची सगळीकडे एकच, म्हणून चारही पाय एका पातळीत येतात. एपॉक्सी त्यानंतर. आधी लावलंत तर कापून टाकलंत.

पहिला पावसाळा संपला की नोव्हेंबरमध्ये नट तपासा. लाकूड फुगलेलं असताना वॉशर त्यात दबतो, सुकल्यावर सैल होतो. अर्धा फेरा पुरेल.

बकुळीखाली

यादी केली. चूक असेल तर सांगा.

जुना साग, गाभा, दीड घनफूट. कॅरेज बोल्ट ८ मिमी, ए२: १०० मिमीचे ८, ११० मिमीचे ४. नायलॉक नट १२. वॉशर २४. स्क्रू ८ नंबर, २ इंची ४०, अडीच इंची १०. एपॉक्सीचा सर्वांत लहान जोड. कडप्प्याचे ४ तुकडे. तेल अर्धा लिटर.

सव्वासूत

वॉशर १२ घ्या, फक्त नटाकडून. कॅरेज बोल्टच्या डोक्याखाली वॉशर घातलात तर चौकोनी मान लाकडात बसत नाही, आणि नट आवळताना अख्खा बोल्ट गोल गोल फिरत राहतो. आणि २ इंची दोन-तीन साधे लोखंडी स्क्रूही घ्या, भोकं चालवून बघायला. तेवढेच यादीत राहिले.